लगतच्या गावाचे नाव

१

कोसमगुड्याचं खोरं सुपासारखं आहे. तीन बाजूंनी उंच, चौथ्या बाजूनं उघडं, आणि त्या उघड्या तोंडातून ओढा बाहेर पडतो. हैदराबादच्या विद्यापीठात दीपिका सिडामनं हे फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा प्राध्यापकांनी त्याला एक लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं होतं. ते तिनं परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. सुपाला सूपच म्हणावं, असं तिचं मत होतं.

या सुपात चार गावं आहेत. बुडाशी कोसमगुडा, उत्तरेच्या पाटावर हिरापाट, ओढ्यापलीकडे लेंढारा आणि तोंडाशी चिचबोडी. हिरापाटचे लोक मोठ्यानं बोलतात, कारण वर वारा फार. लेंढाऱ्याच्या विहिरीचं पाणी गोड, म्हणून तिथल्या पोरींना कोसमगुड्यात सून होऊन यायचं जिवावर येतं. चिचबोडीत एसटी थांबते, त्यामुळे चिचबोडीवाल्यांना आपण शहरातच राहतो असं वाटतं. दक्षिणेला नुसता कडा, त्यावर मोहाची झाडं, आणि कड्यामागं उतरतं जंगल. तिकडे गाव नाही.

सात वर्षं बाहेर शिकून दीपिका परत आली ती एका कामासाठी. ज्या जंगलात गाव आज्या-पणज्यापासून मोहफुलं वेचतं, त्यावर गावाचा सामूहिक हक्क आहे, हे कागदावर आणायचं. तिनं घरोघर बसून माहिती लिहिली, फोन हातात धरून, जीपीएस लावून हद्द चालली, नकाशा काढला. दावा दाखल झाला आणि परत आला. चूक एकच होती. हद्दीच्या तक्त्यात दक्षिणेच्या ओळीपुढं ‘लगतच्या गावाचे नाव’ हा रकाना कोरा होता.

"कोरा चालत नाही," तालुक्याच्या ठिकाणी, जिवतीच्या कार्यालयातले बाबू समजावणीच्या सुरात म्हणाले. "गाव असेल तर गाव लिहा. नसेल तर ‘वन’ लिहा. पण ‘वन’ लिहिलं की हद्द कड्याच्या खाली धरतात, हे ध्यानात ठेवा. पंधरा दिवस आहेत."

कड्याच्या खाली हद्द आली, तर कड्यावरचे मोह गेले. गावाचं निम्मं वर्ष त्या झाडांवर निघतं.

२

पंधरा दिवसांतल्या चौथ्या दिवशी शीवफेरी होती. मोह गळायला लागण्याआधी दर वर्षी अख्खं गाव आपल्या हद्दीवरून चालतं. बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत रांधलेलं अन्न घेतात. शेजारच्या गावाच्या शिवेवर पोचलं की आपले द्रोण दगडांच्या रांगेवर ठेवायचे आणि शेजाऱ्यांनी ठेवलेले उचलून तिथंच खायचे. शेजाऱ्याच्या हातचं खाल्लं की वर्षभर शिवेवरून भांडायचं नाही, असा नेम.

हिरापाटच्या शिवेवर हिरापाटवाले आधीच येऊन बसले होते.

"तुमच्या घुगऱ्यात मीठ हाय का औंदा?" तिथल्या एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं.

"तुमच्या जिभेले चव हाय का, ते सांगा आधी!" रुखमाकाकीनं इकडून ओरडून सांगितलं, आणि दोन्ही गावं हसली.

रुखमाकाकी म्हणजे दीपिकाची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. दीपिकाला तिनंच चालायला शिकवलं, आणि पोहायलाही, एकदा ओढ्यात ढकलून देऊन. दीपिका परत आली तेव्हा गावातल्या सगळ्यांनी विचारलं, "नोकरी नाई लागली का?" रुखमाकाकीनं फक्त विचारलं, "भूक लागली का वं?"

लेंढारा झालं, चिचबोडी झालं. दुपार चढली तेव्हा गाव दक्षिणेच्या कड्यावर पोचलं. सगळ्यात पुढं सोमाजी आजा होते, दीपिकाच्या आज्याचे धाकटे भाऊ, गावातले सगळ्यात जुने.

कड्यावरही दगडांची एक रांग आहे. बायकांनी तिथं द्रोण ठेवले. रांगेच्या पलीकडच्या अंगाला द्रोण मांडलेले होतेच. लोकांनी ते उचलले आणि सावलीला बसून खाऊ लागले. दीपिकानंही उचलला. शिकायला बाहेर जाईपर्यंत ती दर वर्षी इथं खात आली होती. ज्वारीच्या कण्या, वर लसणाची फोडणी दिलेलं वरण. तोंडात घास घातला आणि ती थांबली.

वरण गरम होतं.

तिनं मान वळवून पाहिलं. खाली उतरत गेलेलं सागाचं रान, पानं गळून उघडं पडलेलं. माणूस नाही, धूर नाही, कुत्रं भुंकत नाही. हिरापाट, लेंढारा, चिचबोडी ही तिन्ही गावं आपापल्या शिवांवर तिला भेटली होती. मग हे कोणी रांधलं?

"आजा, हे कोनाचं?"

"शेजाऱ्याइचं," सोमाजी आजा कण्या चाटत म्हणाले.

"कोनत्या गावच्या?"

आजांनी तिच्याकडे पाहिलं. सूर्य कुठून उगवतो असं कुणी विचारावं, तसं. "शेजारच्या," ते म्हणाले. "खा, थंडं होते."

३

दीपिकाचं डोकं शिकलेलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. तिनं दोन दिवस विचार केला आणि उत्तर काढलं. चिचबोडीच्या बायका पहाटे मागल्या वाटेनं चढून द्रोण ठेवत असणार. उन्हात तापलेल्या दगडावर वरण गरम राहणारच. तिनं चिचबोडीच्या सरपंचबाईंना फोन लावला.

"आम्ही कायले चढू तिथी?" त्या म्हणाल्या. "ते तर तुमचे शेजारी आहेत ना!"

"म्हणजे कोण?"

"मले काय माहीत बाई, तुमचे शेजारी तुमालेच माहीत."

नकाशाच्या प्रती काढायला ती जिवतीला नूर मोहम्मद चाचांच्या दुकानात गेली. चाचांचं आता झेरॉक्सचं दुकान आहे, पण त्याआधी तीस वर्षं त्यांनी सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून हे सगळं खोरं पालथं घातलं होतं. दीपिकाच्या पहिल्या शाळेच्या फ्रॉकचं कापड त्यांचंच. यंत्रातून नकाशा बाहेर आला, तो त्यांनी उजेडाकडे धरला.

"वा बेटा! हुबेहूब काढलं. पन एक गाव राह्यलं ना."

"चारच आहेत चाचा."

"अरे, पाच गावात कपडा इकला मी." ते एकेक बोट मिटत मोजू लागले. "हिरापाट, लेंढारा, कोसमगुडा, चिचबोडी, और…" अंगठा तसाच उभा राहिला. "वो… कड्याच्या मागं. खाना बहुत प्यार से खिलाते थे. जेवल्याशिवाय उठूच देत नव्हते."

"नाव काय त्याचं?"

"नाव…" चाचा हसले, पण डोळे हसले नाहीत. "घरची कसम, जुबान पर हय और निकलत नाई. सायकल कुठी टेकवत होतो ते आठवते. एका घराची निळी भिंत आठवते. चेहरा एकबी नाई आठवत." त्यांनी नकाशा तिच्या हातात दिला आणि त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

घरी येताना दीपिकाला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. नकाशावर न आलेलं एक गाव! तिच्या गावासारखंच, कुणी न विचारलेलं, कुणी न लिहिलेलं. असली गावं कागदावर आणायची, म्हणून तर ती भूगोल शिकली होती.

४

"रिकामं ठेव," सोमाजी आजा म्हणाले.

ग्रामसभा संपून लोक उठले होते. दीपिका, आजा आणि रुखमाकाकी एवढेच झाडाखाली बसले होते.

"रिकामं ठेवलं तर दावा परत येते, आजा. आठ दिवस राह्यले. ‘वन’ लिहिलं तर मोह जाते. नाव लिहिल्याशिवाय दुसरा रस्ताच नाई."

"नाव माहीत नाई कोनाले."

"मग विचारून येतो. शेजारी आहेत ना? शेजाऱ्याले नाव विचारायले काय लाज?"

आजांनी हातातल्या काडीचे तुकडे केले. "पाह्य पोरी. आपन त्याह्यले लिवलं नाई. त्याह्यनं आपल्याले लिवलं नाई. ते रांधते, आपन खातो. आपन रांधतो, ते खाते. माझ्या आज्यापासून चालून राह्यलं. कोनी मोजाले गेलं नाई."

"मोजलं नाई, लिहिलं नाई, म्हणूनच तर हे जंगल आपलं असून आपलं नाई!" दीपिकाचा आवाज चढला. "लिहिल्याशिवाय माणूस असत नाई आजा, आता. कागदावर नाई तो नाईच."

"तेच तं म्हनून राह्यलो," आजा हळू आवाजात म्हणाले. "तू गेली लिवाले, आन तेबी बसले लिवाले, तं?"

दीपिकाला याचा अर्थ लागला नाही. रुखमाकाकी मात्र उठून लुगडं झटकत म्हणाली, "म्हातारे झाले तुमी, आजा. पोरगी एवढी शिकली ते का घरी बसाले? उद्या दुपारी जाऊ आमी. मी येतो हिच्यासंगं."

त्या रात्री दीपिकानं वहीत लिहून ठेवलं, तिची सवयच होती ती: ‘उद्या कडा. रुखमाकाकी सोबत. पाण्याच्या दोन बाटल्या.’

५

कड्यावर ऊन असं होतं की दगडांची रांग हलताना दिसत होती. दोघी रांगेच्या अलीकडे उभ्या राहिल्या. शीव ओलांडायची नाही, एवढं काकीनं आधीच बजावलं होतं.

"ओ भाऊ! बाई! कोनी हाय का?" काकीनं हाळी दिली. हिरापाटच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशी.

उत्तर आलं नाही. मग पानं वाजली. सुकलेल्या सागाच्या पानांवर पावलं वाजतात, तशी. एकाची नाही, दोघांची.

वीसेक हातांवर, झाडांच्या मधून, एक मुलगी वर चढून आली. हातात फोन, छातीशी पाटी, पाटीवर कागद. तिच्यामागं कुणी म्हातारं माणूस होतं, डोक्याला पांढरं फडकं. उन्हाच्या लाटांत चेहरे नीट दिसत नव्हते. मुलगी दगडांच्या रांगेशी आली, फोनकडे पाहिलं, आणि समोर पाहिलं. अगदी दीपिकाकडे. दीपिकानं हात वर केला. त्या मुलीची नजर तिच्यातून आरपार खोऱ्यात गेली.

"बाप्पा," काकी कुजबुजली. "तुझ्यावानीच फोन धरते पाह्य."

"इथून पुढं कोनतं गाव लागते?" ती मुलगी मागं वळून विचारत होती. आवाज स्वच्छ होता, शिकलेला, घाईतला. म्हाताऱ्याचं उत्तर ऐकू आलं नाही. मुलगी पुन्हा खोऱ्याकडे पाहू लागली. "मले तर घर नाई दिसत एकबी. धूरसुद्धा नाई. कोरा नाई ठेवता येत आजा, परत येते. ‘वन’ लिहून देतो."

आणि तिनं पेनचं टोपण काढलं.

दीपिकानं मान वळवून मागं पाहिलं. खाली कोसमगुडा होता; कौलं, तुराट्यांची कुंपणं, शाळेचा झेंड्याचा खांब. पण उन्हात सगळंच पातळ दिसत होतं, पाण्यात भिजलेल्या कागदासारखं. हे ऊन आहे, तिनं स्वतःला सांगितलं. तापलेली हवा थरथरते, प्रकाश वाकतो. ते तिला माहीत होतं, त्याचं सूत्रसुद्धा माहीत होतं. पण सूत्र आठवेपर्यंत शाळेचा खांब दिसेनासा झाला.

काकीनं तिचा कोपर घट्ट धरला. "पाहत काय राह्यली वं? सांग तिले! गाव हाय म्हनून सांग! घरं सांग आपली!"

"कोसमगुडा!" दीपिका ओरडली. "इथी गाव आहे! माणसं आहेत!"

पेन थांबलं. मुलीनं मान वर केली, लांबून काही ऐकू आल्यासारखी.

"नावं घे!" काकी म्हणाली. "एकएक घर घे!"

यादी घरी होती, पण दीपिकाला यादी लागत नव्हती. प्रत्येक घराच्या ओट्यावर बसून तिनं ती लिहिली होती. तिनं डोळे मिटले आणि वरच्या आळीपासून सुरुवात केली. "दादाजी आत्राम! सोनीबाई कुमरे!" प्रत्येक नावासरशी ते घर डोळ्यांपुढं उभं राहत होतं; कुणाच्या दारातली शेळी, कुणाच्या भिंतीवरचा मोर. "मंगली कोवे! सोमाजी सिडाम!" वरची आळी झाली, मधली झाली, विहिरीभोवतीची घरं झाली. आवाज फाटला तरी ती थांबली नाही. इतकं प्रेम आपल्या गावावर आपलं आहे, हे तिला त्या वेळी कळलं. शेवटी पत्रू मडावीचं घर घेऊन ती आपल्या घरापाशी आली. आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आपलं घेतलं. संपलं. कोपरावर ऊबदार हात होता. जी हाताशी उभी आहे, तिला हाक कोण मारतं?

तिनं डोळे उघडले. पलीकडची मुलगी पाटीवर वाकून लिहीत होती. एक शब्द नाही, बरंच काही. लिहून झाल्यावर तिनं खोऱ्याकडे पाहून नमस्कार केला, नेमका कुणाला ते न कळल्यासारखा, आणि म्हाताऱ्याला धरून उतरली.

खाली कोसमगुडा नीट दिसत होता. खांब, झेंडा, धूर.

दीपिका गुडघ्यांवर बसली. तिनंही आपला कागद काढला आणि रकान्यात लिहिलं: ‘शेजारगाव. वस्ती आहे.’ मग ती कडा उतरू लागली. अर्ध्या वाटेत तहान लागली म्हणून तिनं पिशवीत हात घातला. दोन बाटल्या होत्या. एकटीसाठी दोन कशाला आणल्या, याचं तिला हसू आलं.

६

दावा स्वीकारला गेला. बाबूंनी रकाना वाचला, "असं गाव आहे होय?" म्हणाले आणि शिक्का मारला. गावानं त्या संध्याकाळी ढोल वाजवला. सोमाजी आजा नाचले नाहीत, पण दीपिकाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

सगळं ठीक होतं. फक्त सकाळी एक गोष्ट तिच्या नजरेला टोचायची. माय अंगणात सडा टाकायची, आणि तसंच पुढं जाऊन शेजारच्या मोकळ्या जागेतही टाकायची. त्यांचं घर आणि पत्रूचं घर यांच्यामध्ये ती जागा होती, एका घराएवढी. पत्रूचं लेकरू तिथं खेळत नसे. कोंबड्यासुद्धा वळसा घालून जात.

"माय, तिथी कायले टाकतेस?"

माय थबकली. हातातल्या बादलीकडे पाहत राहिली. "टाकतो बा. हात जाते तिकडं."

ढोल वाजल्याच्या चौथ्या दिवशी दीपिकानं हिशेबाचे कागद शोधायला वही उघडली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘उद्या कडा. रुखमाकाकी सोबत. पाण्याच्या दोन बाटल्या.’

तिनं ते तीनदा वाचलं. अक्षर तिचंच. तारीख बरोबर.

"माय, रुखमाकाकी कोन?"

चुलीपुढं बसलेल्या मायनं आठवून पाहिलं. "आपल्यात कोनी रुखमा नाई. लेंढाऱ्याची असन." मग तिनं डोळे पुसले आणि धुराला शिवी दिली. चूल तेव्हा विझलेली होती.

दीपिका वही घेऊन सोमाजी आजांकडे गेली. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"सगळ्याइचे नावं घेतले व्हते ना तू?"

"हाव, सगळ्याचे. घर सोडलं नाई एकबी."

"तुयासंगं कोन व्हतं?"

"कोनी नाई. एकटीच होतो."

आजांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिली, देवाचं काही देतात तशी.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटीच कड्यावर गेली. आपण काय करतो आहोत, ते तिला नीट सांगता आलं नसतं. जिचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही, अशा बाईला शोधायला आलो आहोत, असं म्हटलं तर ते वेडेपणाचं होतं. त्या नावानं आपल्या मनात काहीच हलत नाही, हे तिनं वाटेभर तपासून पाहिलं होतं. काहीच हलत नव्हतं. तरी पाय चालत होते.

दगडांच्या रांगेशी ती उभी राहिली. पलीकडे रान उघडं होतं. एक पान हलत नव्हतं.

"रुखमाकाकी!" तिनं हाक मारली. नाव तोंडात परकं वाटलं. तिनं पुन्हा मारली, मोठ्यानं. मग पुन्हा. तिसऱ्या हाकेला ते परकं वाटलं नाही, का ते तिला कळलं नाही.

पलीकडच्या रानातून, खूप खालून, एका बाईचा आवाज आला. खणखणीत, थोडा रागातला, आणि इतका आपुलकीचा की दीपिकाच्या अंगावर काटा उभा राहिला.

"आली वं, आली! किती उशीर केला हाक माराले! थांब तिथीच, हलू नको!"

सुकलेली पानं वाजू लागली. पावलं वर चढत होती. एकाची होती की अनेकांची, ते उन्हात नीट कळत नव्हतं. कोण येतंय ते तिला ठाऊक नव्हतं. दीपिका दोन्ही हात पुढं करून थांबली.